बिलावर नसलेला बोल्ट

आमच्या होस्टेलवर निदान करणाऱ्यांची कधीच कमतरता नसते. पंखा करकरतोय? "बेअरिंग गेलं." बाईक सुरू होत नाही? "प्लग बदल." लॅपटॉप रडतोय? "रॅम टाक." पोट बिघडलंय? "मेसचे पोहे." यातलं शेवटचं निदान सोडलं तर बाकीची सगळी अंदाजपंचे असतात, पण सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर शंकेचा लवलेशही नसतो. आणि गंमत बघा, बहुतेक उत्तरांचा अर्थ एकच असतो : काहीतरी बदला. आधी बघ, मोज, तपास, असं कुणी म्हणत नाही.

मीही याच पंथाचा होतो. २०२४ च्या जूनमध्ये थर्ड इयर मेकॅनिकलला आलो आणि कॉलेजच्या बाहा टीममध्ये, तेही सस्पेन्शन ग्रुपमध्ये, वर्णी लागली. मग काय विचारता! टीमचा टी-शर्ट अंगात आला की माणूस जगातल्या सगळ्या गाड्यांवर बोलायला लागतो. माझ्या या बोलण्यापायी आमच्या घरची चार माणसं एका पावसाळी संध्याकाळी खंबाटकीच्या उतारावर जवळजवळ कठड्याला धडकली होती. त्यानंतर मला जे कळलं ते होस्टेलवाल्यांनी, आणि शक्य असेल तर आमच्या सर-मॅडमनीही वाचावं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या घरी २००८ सालची वॅगन आर आहे. लाखाच्या वर पळालेली. मे महिन्यात मागे दोन माणसं बसली की स्पीडब्रेकरवर गाडी धाडकन खाली आपटायला लागली. बाबांनी साताऱ्यातल्या एका गॅरेजात गाडी दिली. तिथं मागचे दोन्ही शॉकअप, दोन्ही स्प्रिंगा आणि मागच्या ट्रेलिंग आर्मचे बुश असं सगळं नवीन टाकलं. बिल आलं, बाबांनी दिलं, आपटणं बंद झालं. सगळे खूष.

पण आठ दिवसांनी बाबांचा फोन. "अरे, साठ-सत्तरच्या पुढं गेलं की मागचं अंग जरा उशिरा येतंय असं वाटतंय. लेन बदलली की पुढचं वळतं आणि मागचं मागनं येतं. पुलाच्या सांध्यावर तर बाजूला उडी मारल्यासारखं होतं." गॅरेजवाले म्हणाले, नवीन शॉकअप आहेत, सेट व्हायला वेळ लागतो. मग म्हणाले, अलाइनमेंट करून घ्या. बाबांनी केली, म्हणजे पुढच्या चाकांची केली. मग म्हणाले, टायर जुने झालेत. बाबांनी शेवटी मला विचारलं, "तू मेकॅनिकलला आहेस ना, तू सांग बघू."

आणि मी सांगितलं. "बाबा, नवीन शॉकअप कडक असतात. दोन हजार किलोमीटर झाले की नीट होईल." गाडी न बघता, होस्टेलच्या गॅलरीत दात घासता घासता! गॅरेजवाल्यांचं उत्तर मी जरा इंजिनियरी भाषेत परत दिलं, एवढंच. बाबांनी विश्वास ठेवला. माणसं आपल्या मुलांवर ठेवतात.

ऑगस्टमध्ये सुट्टी संपवून मला होस्टेलवर सोडायला आई, बाबा आणि धाकटी बहीण निघाले. पाऊस होता. खंबाटकीचा बोगदा मागे पडला आणि आम्ही पुढच्या वळणावळणाच्या उताराला लागलो. पुढचा ट्रक एकाएकी आमच्या लेनमध्ये आला. बाबांनी एक्सलरेटर सोडला आणि स्टिअरिंग वळवलं. पुढचं तोंड वळलं. मागचं क्षणभर तिथंच राहिलं, आणि मग झटका देऊन बाहेर फेकलं गेलं. बाबांनी उलटं स्टिअरिंग मारलं, तर शेपूट दुसऱ्या बाजूला. दोन हेलकावे खाऊन गाडी सरळ झाली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण बाबा शिरवळपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि आईनं खिडकीवरचं हँडल कॉलेजचं गेट येईपर्यंत सोडलं नाही. मी काय बोलणार? दोन हजार किलोमीटर व्हायचे होते ना अजून!

गाडी कॉलेजातच ठेवून घरचे एस.टी.नं परत गेले. आणि मी गेलो ऑटोमोबाईल लॅबच्या मामांकडे. मामांना आपण सगळे ओळखतो. प्रॅक्टिकलला किल्ल्या घेऊन येणारे आणि "जर्नल आणलं का?" एवढंच विचारणारे म्हणून. इथे यायच्या आधी ते बरीच वर्षं बसगाड्यांच्या वर्कशॉपात होते, हे मला त्या दिवशी कळलं.

मी मामांना सगळं सांगून विचारलं, "मामा, शॉकअप परत बदलू का दुसऱ्या कंपनीचे?" मामांनी माझ्याकडे बघितलं आणि तीन प्रश्न विचारले. हे कधीपासून होतंय? त्याच्या आधी काय बदललं? आणि ते बदलायला काय काय सोडलं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे होती. तिसरा प्रश्नच मला समजला नाही. मी खिशातून बिलाचा फोटो दाखवला : शॉकअप दोन, स्प्रिंग दोन, बुश चार, मजुरी. मामा म्हणाले, "हे बदललेलं झालं. सोडलेलं कुठाय?"

मंडळी, या लेखात सांगण्यासारखं एवढंच आहे. बिलावर बदललेले पार्ट असतात. सोडलेले बोल्ट नसतात.

आता ही वॅगन आर मागून कशी आहे ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मागची दोन चाकं एका अखंड ॲक्सलच्या दोन टोकांना आहेत. हा ॲक्सल पुढेमागे सरकू नये म्हणून दोन बाजूंना दोन ट्रेलिंग आर्म. डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा, त्याला लॅटरल रॉड म्हणतात. त्याचं एक टोक बॉडीला, दुसरं ॲक्सलला. स्प्रिंगा फक्त वजन पेलतात, शॉकअप फक्त उसळी मारतात त्याला आवर घालतात. गाडीचं मागचं अंग वळणावर बाजूला जाऊ न देण्याचं काम या एकट्या लॅटरल रॉडचं आणि त्याच्या दोन टोकांच्या रबरी बुशांचं. स्प्रिंग काढायची तर ॲक्सल पुरेसा खाली सोडावा लागतो, आणि त्यासाठी लॅटरल रॉडचा बोल्ट काढावा लागतो. म्हणजे तो बोल्ट त्या गॅरेजात नक्की निघाला होता आणि नक्की परत बसला होता. बिलावर मात्र त्याचा पत्ता नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नव्हतं.

"मग बोल्ट सैल असणार!" मी ओरडलो. मामा म्हणाले, "असेल. पण आधी सोप्यापासून. अंदाज खरा निघाला तरी बाकीचं तपासायचं."

शनिवारी दुपारी एचओडी सरांची परवानगी घेऊन गाडी लॅबच्या पिटवर आणली. पिट असल्यामुळे एक मोठी गोष्ट साधली : चाकं जमिनीवर, गाडीचं वजन चाकांवर, आणि आम्ही खालून बघायला मोकळे. (ज्यांच्याकडे पिट नाही त्यांनी नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली अजिबात शिरू नये. स्टँड लावल्याशिवाय नाहीच.)

पहिली तपासणी हवा. चारी टायर गार असताना मोजले. मागचं डावं चाक बाकी तिघांपेक्षा ६ पीएसआयनं कमी निघालं. मी लगेच, "सापडलं!" कारण मागच्या टायरमध्ये हवा कमी असली तरी शेपूट ढिली वाटते, हे मलाही माहीत होतं. हवा भरली, कॅम्पसच्या मागच्या रस्त्यावर हळू फेरी मारली. फरक पडला, पण थोडाच. मी "जवळजवळ गेलं" म्हणत होतो. मामा म्हणाले, "एक खोड सापडली म्हणजे दुसरी नाही असं कुठं लिहिलंय?" मला वाटतं आपण बहुतेक जण नेमके इथेच थांबतो. एक कारण सापडलं की डोकं शोध बंद करतं.

दुसरी तपासणी चाकांची. मागचं चाक एकेक उचलून वर-खाली धरून हलवलं, बेअरिंगला खेळ आहे का बघितलं. नव्हता. टायरची नक्षी चारींची सारखी होती. (दोनच टायर नवे घेतले तर ते मागे टाकावेत असं टायरवाल्या कंपन्या सांगतात. कारण ओल्या रस्त्यावर पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते, मागचं घसरलं तर फिरते. आपल्याकडे नेमकं उलटं करायची पद्धत आहे.)

तिसरी तपासणी उंची. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजलं. डावी-उजवी जवळजवळ सारखी. पण मामांनी स्टाफ पार्किंगमधली एका सरांची तशीच वॅगन आर दाखवली. तिच्यापेक्षा आमची मागून १८ मिलीमीटर उंच उभी होती. मी म्हटलं, नवीन स्प्रिंगा आहेत म्हणून. "थोडं तेही असेल," मामा म्हणाले, "पण एवढं नाही." त्यांनी हे वहीत लिहून ठेवायला लावलं, बोलू दिलं नाही.

चौथी तपासणी ॲक्सल सरळ आहे का याची. चारी चाकांच्या मध्यावरून ओळंबा सोडला. होय, गवंड्याचा ओळंबा! जमिनीवर खडूनं खुणा केल्या आणि पुढच्या व मागच्या चाकांमधलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजलं. फरक २ मिलीमीटर, म्हणजे आमच्या मोजण्यातलीच चूक म्हणा. हे अंतर का बघायचं? आमच्या गाडीची मागची दोन चाकं साधारण १.३ मीटर अंतरावर आहेत. त्यातलं एक चाक दुसऱ्यापेक्षा ५ मिलीमीटर पुढं असेल तर ॲक्सल जवळपास ०.२ अंशानं तिरका होतो, म्हणजे मागची चाकंही स्वतःचं वेगळं स्टिअरिंग मारायला लागतात. हायवेवर एखादा ट्रक कुत्र्यासारखा तिरका धावताना तुम्ही बघितला असेल. तिथे बऱ्याचदा पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटलेला किंवा यू-बोल्ट सैल असतो आणि ॲक्सल एका बाजूनं सरकलेला असतो. आमच्याकडे तसं नव्हतं. म्हणजे ट्रेलिंग आर्म त्या आरोपातून सुटले.

पाचवी तपासणी लॅटरल रॉडची. मी वर, मामा पिटमध्ये. "आता गाडी कंबरेनं बाजूला ढकल. जोरात नाही. हेलकावा दे." मी मागच्या खांबाला धरून गाडी डावी-उजवी हलवली. दर हेलकाव्याला खालून बारीक "टक... टक..." मग मामांनी मला खाली बोलावलं आणि माझ्या मित्राला वर हलवायला लावलं. बॉडीकडच्या टोकाला लॅटरल रॉड ब्रॅकेटच्या आत दोन-तीन मिलीमीटर सरकत होता. बोल्टच्या डोक्याभोवती चकचकीत घासलेलं कडं होतं आणि खाली लालसर भुकटी. दोन लोखंडी पृष्ठभाग एकमेकांवर घासले की जी पडते ती. बुशाचं रबर एका बाजूनं फाटलेलं होतं.

ते रबर का फाटलं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कारण ते कुठल्याही गाडीला लागू आहे. हे रबरी बुश बेअरिंगसारखे फिरत नाहीत. आतली लोखंडी नळी बोल्ट आवळला की ब्रॅकेटला घट्ट धरली जाते आणि हालचाल होते ती रबर पिळवटून. त्यामुळे बोल्ट ज्या स्थितीत आवळाल ती त्या रबराची विश्रांतीची स्थिती. गाडी लिफ्टवर, चाकं खाली लोंबकळतायत, आणि तिथेच पाना मारून बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर सगळे बुश पिळलेल्या अवस्थेत उभे राहतात. पिळलेलं रबर ॲक्सलला परत खाली ढकलू बघतं, म्हणून गाडी उंच दिसते. तिसऱ्या तपासणीतल्या जास्तीच्या उंचीचं गूढ इथे उकललं! शिवाय ते रबर दिवसरात्र ताणलेलं असल्यामुळे लवकर फाटतं. ट्रेलिंग आर्मचे बुश नवे होते म्हणून टिकून होते. लॅटरल रॉडचे मात्र जुनेच होते, त्यांनी दोन महिन्यांत राम म्हटला. वर नट पुरेसा आवळलेला नाही.

आता खंबाटकीला काय झालं ते सांगता येतं. स्टिअरिंग वळवल्यावर पुढच्या टायरांनी बॉडीला बाजूला ओढलं. मागच्या बाजूला बॉडी आणि ॲक्सल यांच्यात मोकळी जागा, म्हणून बॉडी आधी ती जागा संपेपर्यंत नुसतीच सरकली. हेच ते "मागचं उशिरा येतं". जागा संपल्यावर रॉड टक्कन ताणला गेला आणि मागच्या टायरांवर बाजूचा भार हळूहळू न येता झटक्यानं आला. त्यात उतार, त्यात एक्सलरेटर सोडलेला, म्हणजे वजन पुढे गेलेलं आणि मागची चाकं हलकी. त्यात ओला रस्ता आणि एका चाकात हवा कमी. एकेकटं कुठलंच कारण जीवघेणं नव्हतं. सगळी एका वळणावर भेटली.

दुरुस्ती तासाभराची होती. नवीन लॅटरल रॉड बुशांसकट आणला. मग मागचे सगळे रबरी बुशांचे बोल्ट ढिले केले, गाडी स्वतःच्या वजनावर उभी ठेवून मागून चार-पाच वेळा दाबून सोडली, म्हणजे रबर आपापल्या जागी बसलं. आणि मग चाकं जमिनीवर असतानाच, मॅन्युअलमधला आकडा बघून, टॉर्क रेंचनं आवळले. उंची १३ मिलीमीटरनं उतरली. उरलेली ५ नव्या स्प्रिंगांची असावी. रविवारी बाबा आले, आधी आम्ही रिकाम्या रस्त्यावर हळू, मग जरा वेगात लेन बदलून बघितली. मागचं अंग पुढच्याबरोबर आलं. बाबा एवढंच म्हणाले, "आता बरंय."

यावर कुणी म्हणेल, मग गॅरेजवाला चोर. मला तसं वाटत नाही. त्यानं टाकलेला एकही पार्ट खोटा नव्हता. त्याच्या दारात रोज दहा गाड्या उभ्या असतात. आपण पार्टचे पैसे देतो, बसवायची मजुरी देतो, त्यातही घासाघीस करतो. पण कुणी म्हणालं की "दोन तास तपासलं, काही बदलावं लागलं नाही, नुसता बोल्ट आवळला, पाचशे रुपये द्या," तर आपण त्याला लुटारू म्हणतो. डॉक्टरांना तपासायची फी देतो, पण गाडी तपासायची फी द्यायची आपली तयारी नाही. मग तो बिचारा जे विकता येतं तेच विकणार. निदानाला भाव नसेल तर निदान होणार नाही, बदलाबदली होईल. यात निम्मा दोष गिऱ्हाइकाचा आहे असं माझं मत आहे.

आणि ही गोष्ट फक्त गल्लीतल्या गॅरेजची नाही. अमेरिकेतली शेवरोले कॉर्व्हेअर गाडी घ्या. १९६० ते १९६३ च्या मॉडेलांत इंजिन मागे आणि मागच्या बाजूला स्विंग ॲक्सल होते. शेपूट आवरण्यासाठी कंपनीनं गार टायरमध्ये पुढे १५ आणि मागे २६ पीएसआय एवढी वेगवेगळी हवा ठेवायला सांगितलं होतं. सवयीनं चारीत सारखी हवा भरली की तोल गेला. राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकात या गाडीवर टीकेची झोड उठवली. पुढे १९७२ मध्ये सरकारी तपासणीत ती त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती असा निष्कर्ष निघाला. खरं-खोटं काहीही असो, गाडीचं वागणं एका अशा गोष्टीवर टेकलेलं होतं जी हवा भरणाऱ्याच्या ध्यानातही येत नव्हती. ऑडी टीटी १९९८ मध्ये बाजारात आली. खूप वेगात लेन बदलताना मागचं अंग सुटून अपघात झाले, तेव्हा कंपनीला गाड्या परत बोलावून सस्पेन्शनमध्ये बदल, मागे स्पॉयलर आणि ईएसपी असे उपाय करावे लागले. एवढ्या मोठ्या लोकांना जे आधी दिसलं नाही ते मला होस्टेलच्या गॅलरीतून दिसणार होतं!

सगळ्या गाड्यांची मागची रचना एकसारखी नसते हेही सांगायला हवं, नाहीतर उद्या तुम्ही प्रत्येक गाडीत लॅटरल रॉड शोधत बसाल. आजच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मागे टॉर्शन बीम असतो. तिथे लॅटरल रॉड नसतो, दोन मोठे बुशच सगळं धरून ठेवतात. त्यातल्या काहींच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, आणि बुश खुणेनुसार न बसवता फिरवून बसवला तर नवा पार्ट असूनही गाडी बिघडते. मल्टिलिंक सस्पेन्शन असेल तर उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात, तेव्हा स्प्रिंगा बदलल्यावर चारी चाकांची अलाइनमेंट केलीच पाहिजे. मागची चाकं पुढच्या बाजूनं बाहेर फाकली, म्हणजे टो-आउट झाली, तर गाडी सरळ रस्त्यावरही चंचल होते. रचना कुठलीही असो, मामांचे तीन प्रश्न तेच राहतात.

आता आपल्याकडे येतो. ओरलला एक्स्टर्नल काय विचारतात? सस्पेन्शनचे प्रकार सांगा, आकृती काढा, फायदे-तोटे सांगा. चार वर्षांत एकदाही कुणी आपल्यापुढे बिघडलेली वस्तू ठेवून "यात काय बिघडलंय ते शोध, आणि कसं शोधलंस ते सांग" असं म्हटलेलं मला आठवत नाही. सबमिशनच्या जर्नलात आपण रीडिंग छान जुळवून लिहितो. जे जुळलं नाही ते खोडतो. म्हणजे आपलं जर्नलही त्या बिलासारखंच. बाहा टीमचंही तेच. टेस्टिंगला गाडी नीट वळली नाही की एकाच रात्रीत शॉकअपची सेटिंग, टायरची हवा आणि टो असं तिन्ही बदलायचं. सकाळी गाडी सुधारली तरी कशामुळे सुधारली ते कुणाला सांगता येत नाही, आणि बिघडली तर विचारूच नका.

माझ्या विरुद्ध एक मुद्दा मित्रांनी काढला, तो प्रामाणिकपणे मांडतो. ते म्हणतात, "इंजिनियरनं डिझाइन करावं, पाने फिरवणं आयटीआयवाल्यांचं काम." मला हे पटत नाही. पाना फिरवणं वेगळं आणि पाना कुठे फिरवायचा ते ठरवणं वेगळं. शिवाय ज्यानं लॅटरल रॉड काढलाय त्यानं एकदा तरी स्वतः तो बोल्ट खालून आवळून बघितला, तर बोल्ट वजनावर असताना हाताला येईल अशा जागी तो ठेवेल. शोधता येणं हा डिझाइनचाच भाग आहे.

म्हणून दोन साध्या सूचना. पहिली सर-मॅडमना : दर सेमिस्टरला ऑटो लॅबमध्ये एका प्रॅक्टिकलला मुद्दाम खोड घालून ठेवलेला सेटअप द्या. एक बोल्ट सैल, एक बुश उलटा, काहीही. मार्क उत्तराला नाही, शोधायच्या रीतीला द्या. गाडी नको, स्टँडवर ठेवलेला जुना ॲक्सलही चालेल. खोड कोण घालणार हा प्रश्न येत असेल तर मामा आहेतच. आणि त्या दिवशी मामांना नुसत्या किल्ल्या घेऊन उभं करू नका, शिकवू द्या. दुसरी सूचना आपल्याला, विशेषतः बाहाच्या पोरांना : एक वही ठेवा. त्यात "काय बदललं" याच्या शेजारी "काय सोडलं" असा रकाना आखा. प्रत्येक सोडलेला बोल्ट परत आवळला की त्यावर रंगाची एक रेघ मारा, आणि आवळणाऱ्यानं वहीत सही करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आमच्या ग्रुपनं हे सुरू केलंय. वेळ जास्त लागतो, भांडणंही होतात, पण दोनदा असं झालं की टेस्टिंगनंतर रेघ सरकलेली दिसली आणि बोल्ट निघायच्या आत सापडला.

घरी गेलो की आजकाल एक गंमत होते. बाबा कुठल्याही गॅरेजात बिल देण्याआधी विचारतात, "बदललं ते कळलं. सोडलं काय काय होतं?" पहिल्यांदा मेकॅनिक चमकतो, मग डोकं खाजवून एकेक सांगायला लागतो. मागच्या खेपेला सांगता सांगता तो स्वतःच उठला आणि गाडीखाली जाऊन एक नट परत तपासून आला.

बाबा मला मात्र आता फोनवर काही विचारत नाहीत. म्हणतात, "तू ये, बघ, मग सांग." बरोबरच आहे त्यांचं.